भावाप्रमाणे पंगत

दलाल या शब्दाला मराठीत बरा वास नाही. कुणाला दलाल म्हटलं तर ती शिवी समजायची. फ्रान्समधल्या बोर्दोत मात्र ‘कूर्तिए’, म्हणजे वाइनचा दलाल, हा पिढीजात आणि मानाचा पेशा आहे. मळेवाला आणि व्यापारी यांच्या मधे उभं राहायचं, पिंपातला नमुना चाखायचा, सौदा जुळवायचा, दोन टक्के घ्यायचे आणि ठरलेला भाव वहीत टिपून ठेवायचा. या वह्या पिढ्यान्‌पिढ्या साठत गेल्या.

१८५५ मध्ये तिसऱ्या नेपोलियननं पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरवलं. बोर्दोच्या व्यापारी मंडळाला तिथं आपल्या वाइन मांडायच्या होत्या आणि त्यासाठी वर्गवारीची यादी हवी होती. ५ एप्रिलला मंडळानं दलालांच्या संघटनेला पत्र धाडलं, १८ एप्रिलला उत्तर हातात पडलं. मधे अवघे तेरा दिवस. एवढ्यात कुणी पन्नास-साठ मळ्यांची वाइन ओळीनं चाखून गुण देत बसत नाही, आणि दलालही बसले नाहीत. त्यांनी वह्या उघडल्या आणि कुणाची वाइन वर्षानुवर्षं काय भावानं जाते ते पाहून नावं लिहून काढली.

रेड वाइनचे पाच वर्ग पडले. पहिल्यात चार नावं: लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ. (शातो लातूरचा आपल्या लातूरशी काही संबंध नाही. पण आपल्या लातूरच्या आडत बाजारात ज्याची हयात तुरीचे सौदे करण्यात गेली, त्याला ही गोष्ट समजावून सांगायला वाइनचा जाणकार लागणार नाही.) पहिल्या वर्गाची वाइन एका टोनोला, म्हणजे ९०० लिटरना, साधारण ३००० फ्रँक खात होती, पाचव्या वर्गातली जवळपास त्याच्या निम्म्यानं जायची. एक ओ-ब्रियाँ सोडली तर सगळी नावं मेदोक या एकाच पट्ट्यातली. पंगत बसली ती निव्वळ भावाप्रमाणे. चवीबद्दल त्या यादीत अक्षर नाही.

दलाल शहाणे होते. सोबतच्या पत्रात त्यांनी लिहिलं की हे काम नाजूक आहे, यातून कुणाकुणाची मनं दुखावू शकतात, आणि आमच्या मनात काही अधिकृत दर्जा ठरवण्याचा विचार नाही. पुढे नेमकं तेच झालं. एका प्रदर्शनापुरती केलेली यादी वाइनच्या जगातला शिलालेख होऊन बसली. आजही तिच्यातल्या मळ्यांच्या बाटल्यांवर १८५५ हे साल मिरवतं, आणि त्या सालाचे पैसे गिऱ्हाइकाकडून वसूल होतात.

वाइनप्रेमी मंडळींत एक ठरलेला वाद चालतो. एक बाजू म्हणते, भावावरून दर्जा ठरवणं हा अडाणीपणा आहे, वाइन ही कला आहे. दुसरी बाजू म्हणते, हजारो लोक स्वतःच्या खिशातून पैसे मोजतात, त्यापेक्षा खरं मत कुठलं? मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात. माझं म्हणणं असं की भाव हा दर्जाचा चांगला पुरावा आहे, पण यादी छापली जाईपर्यंतच. भाव मोजणाऱ्याला यादी ठाऊक झाली की तो वाइनचे पैसे देतो की यादीतल्या जागेचे, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. १८५५ च्या आधी तरी यादी नव्हती असं कुठे आहे? टॉमस जेफरसन १७८७ मध्ये बोर्दोला आला तेव्हा त्यानं हीच चार नावं पहिल्या प्रतीची म्हणून टिपून ठेवली होती. त्याहीआधी, १६६३ मध्ये, लंडनचा रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स ओ-ब्रियाँचं नाव चुकीच्या स्पेलिंगनं लिहून तिच्या चवीचं कौतुक करून गेला होता. शिवाय बाजाराची रीतच अशी होती की वरच्या चौघांचा भाव ठरला की बाकीच्यांचा भाव त्याच्या प्रमाणात पायरीपायरीनं कमी ठरत जायचा. म्हणजे दलालांच्या वहीतला भावही कोरा नव्हता, त्यातही नावाचं वजन मिसळलेलं होतं.

हे सगळं मान्य. तरी एक मोठा फरक राहतो. त्या काळी वाइन मळ्यावर बाटलीत भरत नसत. बोर्दोचा व्यापारी ती पिंपानं उचलायचा, शार्त्राँच्या धक्क्यामागच्या आपल्या तळघरात वर्षानुवर्षं सांभाळायचा आणि मग इंग्लंड-हॉलंडला पाठवायचा. माल नासला, आंबला, पुढे पाणचट निघाला तर तोटा त्याचा. तिकडून गिऱ्हाईक तक्रारीचं पत्र धाडणार ते त्यालाच. म्हणून तो जो भाव द्यायचा त्यामागे जीभ होती, आणि जीभ चुकली तर दंडही होता. चाळीस-पन्नास वर्षं असे सौदे होत राहिले की नावाचं फुकटचं वजन हळूहळू गळून पडतं. १८५५ च्या यादीवर माझा विश्वास आहे तो एवढ्याचसाठी: ती चुकण्याची किंमत मोजलेल्या माणसांच्या हिशेबातून आली होती.

पण हिशेब रोजचा असतो आणि यादी एकदाच झाली. सरासरी काढून फळ्यावर लिहिली आणि मग फळा कुणी पुसलाच नाही. दरम्यान मळ्यांचे मालक बदलले, वाटण्या झाल्या, काही कुटुंबं बुडाली, काहींच्या जागी विमा कंपन्या आणि बँका आल्या. वर्ग जमिनीला दिलेला नाही, नावाला दिलेला आहे. त्यामुळे वर्गवारीतल्या मळ्यानं त्याच टापूतला शेजारचा बिनवर्गाचा तुकडा विकत घेतला की तो तुकडा एका खरेदीखतानं ‘ग्राँ क्रू’, म्हणजे अव्वल दर्जाचा मळा, होतो. माती तीच, वेली त्याच. उताऱ्यावर नाव चढल्यानं पिकाचा दर्जा वाढतो, असं आपल्या कुठल्याही तलाठ्याला सांगून पाहावं.

इतक्या वर्षांत वर्ग बदलला तो एकदाच. मूताँ रॉथशिल्ड १८५५ मध्ये दुसऱ्या वर्गात सर्वांत वर होती. १९२२ मध्ये बॅरन फिलिप द रॉथशिल्डनं कारभार हाती घेतला आणि अर्धं शतक एकच तक्रार लावून धरली: आमचा भाव पहिल्या वर्गाचा आहे, मग बसायला पाट दुसऱ्या पंगतीत का? १९७३ मध्ये कृषिमंत्री जाक शिराक यांनी सही केली आणि मूताँ पहिल्या वर्गात आली. त्या वर्षीच्या लेबलवर पिकासोचं चित्र आहे. गोष्ट म्हणून झकास. पण मला ती अन्यायाचीच वाटते, कारण तोच युक्तिवाद पामेरचा मालकही करू शकला असता. पामेर तिसऱ्या वर्गात, पण भावात दुसऱ्या वर्गातल्या बहुतेकांच्या पुढे. लँच-बाज पाचव्या वर्गात, आणि तिथं ती शोभत नाही हे बोर्दोतला हमालही सांगेल. त्यांच्यासाठी कुणी सही केली नाही. आणि पोमरोलमधली पेत्रूस, जिच्यापुढे पहिल्या वर्गातल्या वाइनही बहुतेक वेळा स्वस्त वाटाव्यात, ती तर यादीतच नाही. १८५५ च्या दलालांच्या वहीत पोमरोलला मोठ्या वाइनचा मुलूख म्हणून जागाच नव्हती.

मग यादी पुन्हा करावी, असं साहजिकच सुचतं. लंडनमध्ये २००० साली सुरू झालेल्या लिव्ह-एक्स या वाइनच्या बाजारानं २००९ मध्ये ते केलंही. १८५५ चीच पद्धत, फक्त आजचे भाव. पामेर, लँच-बाज वर सरकल्या. १८५५ ला वर्गवारीबाहेर राहिलेली ला मिसियाँ ओ-ब्रियाँ थेट पहिल्या वर्गात जाऊन बसली. त्यानंतर ही उजळणी ते अधूनमधून करत आले आहेत. फळा पुसला गेला, याचं बरंच कौतुक झालं. मला मात्र वाटतं, पद्धत तीच असली तरी मोजलं जातंय ते वेगळंच आहे.

लाफीतचंच पाहा. २००८ च्या फेब्रुवारीत हाँगकाँगनं वाइनवरचा कर शून्यावर आणला. चीनमध्ये नवा पैसा होता, साहेबाला द्यायला भारी भेट हवी होती, आणि लाफीत हे नाव चिनी तोंडाला सोपं होतं. भाव चढत गेले. लाफीतच नव्हे, त्याच मळ्याची दुय्यम वाइन कारुआदसुद्धा नावाच्या जोरावर वाटेल त्या किमतीला जाऊ लागली. ऑक्टोबर २०१० मध्ये मळ्यानं जाहीर केलं की २००८ च्या बाटलीच्या काचेवर चिनी लिपीतला आठचा आकडा कोरला जाणार. आठ म्हणजे तिकडे भरभराट. लगेच भावानं उडी घेतली. त्याच महिन्यात हाँगकाँगच्या लिलावात १८६९ च्या लाफीतच्या तीन बाटल्या गेल्या, प्रत्येकी २ लाख ३० हजार डॉलरच्या वर. पुढे २०११ च्या मध्यापासून फुगा फुटला, आणि चीन सरकारनं सरकारी उधळपट्टी नि भेटींवर टाच आणल्यावर उरलीसुरली हवाही गेली. या तीन-चार वर्षांत २००८ च्या त्या बाटलीच्या आतल्या द्रवात काय बदललं? काही नाही. आठचा आकडा बाहेरच्या काचेवर होता.

भावाप्रमाणे पंगत बसवणारा इथं म्हणेल, अहो, काही वर्षांचा झटका सोडा, लांबची सरासरी घ्या. अगदी बरोबर, मीही तेच म्हणतो. प्रिन्स्टनचे अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर यांनी बोर्दोच्या जुन्या वाइनचे लिलावातले भाव आणि हवामान शेजारी ठेवून पाहिलं. हिवाळ्यात पाऊस, वेलीच्या वाढीच्या काळात ऊब आणि तोडणीआधी कोरडं आकाश, एवढ्यावरून त्या सालची वाइन पिकल्यावर काय भावानं जाईल याचा बराच नेमका अंदाज बांधता येतो, असं त्यांनी दाखवलं. वाइनच्या टीकाकारांनी त्यांची टर उडवली. त्या कामातला माझ्या दृष्टीनं महत्त्वाचा भाग वेगळाच आहे: वाइन कोवळी असताना लागलेले भाव त्या अंदाजाशी नीट जुळत नव्हते, वय वाढून लोक ती पिऊ लागले तसतसे जुळत गेले. म्हणजे भावाला शहाणपण येतं, पण उशिरा, आणि बाटल्या उघडल्या गेल्या तरच.

आणि बाटल्या आता उघडल्या जात नाहीत, खरी अडचण इथं आहे. सर्वांत वरच्या भावाच्या वाइनचा मोठा हिस्सा इंग्लंडमधल्या करमुक्त गोदामांत पडून असतो. मालक बदलतो, पेटी जागची हलत नाही. वसंत ऋतूत पिंपातच असलेली वाइन आगाऊ विकायची, मग ती हात बदलत राहणार, आणि प्रत्येक हात पुढच्या हाताकडे पाहून भाव ठरवणार. शेअर बाजाराला हे शोभतं. पण १८५५ च्या व्यापाऱ्याला जो दंड होता, चुकीचा माल तोंडात गेल्याचा, तो इथं कुणालाच नाही. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १९४५ च्या रोमानी-काँती या फ्रान्सच्याच बर्गंडी प्रांतातल्या वाइनची एक बाटली ५ लाख ५८ हजार डॉलरला गेली. त्या वर्षी अशा सहाशेच बाटल्या भरल्या होत्या. इतके पैसे मोजणारा ती चवीसाठी घेतो, असं मानायला मी तयार नाही.

याचा पुरावाही आहे, आणि जरा गमतीशीर. रूडी कुर्नियावान नावाचा तरुण अमेरिकेतल्या बड्या लिलावांत दुर्मीळ बर्गंडी वाइन आणायचा. २००८ च्या एका लिलावात त्यानं पाँसो या बर्गंडीतल्या वाइन घराण्याच्या नावानं क्लो सँ-दनी मळ्याच्या १९४५ ते १९७१ या सालांच्या बाटल्या ठेवल्या. पाँसो घराण्याचा प्रमुख स्वतः विमानानं येऊन धडकला. ही वाइन आमच्या घराण्यानं बनवायला सुरुवातच १९८० च्या दशकात केली, असं त्यानं सांगितलं. पुढे कुर्नियावानच्या घरातून रिकाम्या बाटल्या, बुचं, छापलेली लेबलं निघाली; २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या बाटल्या वर्षानुवर्षं श्रीमंत संग्राहकांनी घेतल्या, काहींनी प्यायल्या, वाखाणल्याही. त्या लिलावात त्याला उघडं पाडलं ते जिभेनं नव्हे, सनावळीनं.

सामान्य माणसाच्या जिभेचं म्हणाल तर तिला किंमत सांगितली की ती तसंच बोलते. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी वीस जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून वाइन पाजली. एकच वाइन एकदा ५ डॉलरची म्हणून, एकदा ४५ ची म्हणून. महाग सांगितलेली जास्त आवडली, आणि ते नुसतं भिडेखातर म्हटलेलं नव्हतं. मेंदूतला सुखाचा हिशेब ठेवणारा भागही जास्त पेटला. हे वाचून लोक पिणाऱ्यांना हसतात. मला हसू येत नाही. नैवेद्याचा शिरा आणि एरवीचा शिरा एकाच कढईतून आला तरी चव एकच लागते का? सांगितलेली गोष्ट चवीत उतरते. म्हणूनच तर भाव माहीत असलेल्या जिभेनं ठरवलेल्या भावावरून दर्जा काढू नये.

भाव नको तर दुसरं काय, हा प्रश्न उरतोच, आणि इथं भावाच्या बाजूनं बोलावं लागतं. बोर्दोजवळच्याच सँतेमिलियाँनं १९५५ मध्ये वेगळा रस्ता धरला: समिती नेमायची, वाइन चाखायच्या, साधारण दहा वर्षांनी फेरतपासणी करायची. कागदावर याहून न्याय्य काही नाही. प्रत्यक्षात २००६ ची यादी खाली उतरवलेले मळेवाले कोर्टात गेल्यामुळे रद्द झाली. २०१२ च्या यादीवरही खटले झाले. प्रसिद्धी, पर्यटकांची सोय असल्या गोष्टींनाही गुण होते. २०२१ मध्ये श्व्हाल ब्लाँ आणि ओझोन, म्हणजे सर्वांत वरची नावं, स्वतःहून बाहेर पडली. २०२२ च्या सुरुवातीला अँजेलूसही गेली. ज्या पंगतीतून यजमानच उठून गेले तिला काय अर्थ? बर्गंडीनं जमिनीला दर्जा दिला, पण क्लो द व्हूजोच्या पन्नास हेक्टरांत ऐंशीच्या आसपास मालक आहेत आणि सगळे एकाच वरच्या वर्गाचे. त्यांतला कुणाचा हात चांगला, हे लेबल सांगत नाही.

समितीवर वशिल्याचा संशय येतो, जमीन माणसाचं कसब लपवते. भावावर कुणाला खटला भरता येत नाही. माझ्या मते भावाची यादी करावी, पण तिला भावाची यादीच म्हणावं. जुन्या, पिण्याजोग्या झालेल्या सालांचे भाव घ्यावेत, कोवळ्या वाइनचे नकोत. दहा-वीस वर्षांची सरासरी असावी. आणि मुख्य म्हणजे तिला कायद्याचं कवच देऊन बाटलीवर छापू नये. लिव्ह-एक्सची यादी निदान एवढी तरी प्रामाणिक आहे: ती बाजारभाव सांगते, सरकारी शिक्का मारत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला यातलं एक अंग रोज दिसतं. बाहेरून येणाऱ्या वाइनवर भारतानं वर्षानुवर्षं दीडशे टक्के आयात शुल्क लावलं, वर राज्यांचं उत्पादन शुल्क, वर हॉटेलवाल्याचा हात. पुण्या-मुंबईच्या हॉटेलात मेन्यूकार्डावर बोर्दोची एखादी अगदी साधी, तिथल्या सुपरमार्केटातल्या खालच्या फळीवरची वाइन नाशिकच्या उत्तम बाटलीच्या दुपटीनं लागलेली असते. समोरचा पाहुणा बडा असेल तर आपण ती मागवतो. तिथं भावाप्रमाणे पंगत बसवली तर पहिला मान सीमाशुल्काला जाईल. आणि नाशिकची वाइन लंडनच्या कुठल्याच भावयादीत दिसणार नाही. ती वाईट असते म्हणून नाही; ती इथंच विकली जाते, बरीचशी मळ्यावर सहलीला आलेल्यांना, आणि वर्षा-दोन वर्षांत संपते. जिचा पुन्हा सौदा होत नाही तिचा भाव वहीत चढत नाही.

हे १८५५ मध्येही झालं होतं. मेदोकमधल्या काँतमेर्ल या मळ्याची वाइन पिढ्यान्‌पिढ्या थेट हॉलंडच्या व्यापाऱ्यांना जायची. बोर्दोच्या दलालांकडून सौदाच होत नसल्यानं त्यांच्या वहीत तिचा भाव नव्हता, आणि एप्रिलच्या यादीत तिचं नाव आलं नाही. मालकीण मादाम द व्हिलनव्ह-द्युरफोर यांनी आपल्या विक्रीचे कागद काढले, इतक्या वर्षांत कुणाला कितीनं विकलं ते दलालांपुढे मांडलं. सप्टेंबरमध्ये दलालांनी चूक मान्य केली. मूळ कागद जपून ठेवला आहे. त्यावर पाचव्या वर्गाच्या तळाशी, बाकी नावं लिहून झाल्यानंतर जोडलेलं काँतमेर्लचं नाव आजही वाचता येतं.